दिव्याला लगाम हवा

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यापुढे मुरुड-श्रीवर्धन भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले आणि तारा रस्त्यावर लोळू लागल्या. वारा काही तासांत ओसरला. पण वीज लगेच आली नाही. कित्येक गावांना तिच्यासाठी दिवसच्या दिवस, आणि काही ठिकाणी तर आठवडे वाट पाहावी लागली.

अशा वेळी घरात प्रकाशाचे साधन काय असते? पूर्वी कंदील होता, चिमणी होती, लग्नकार्यात गॅसबत्ती होती. आता रॉकेल सहजासहजी मिळत नाही. बाजारातला तयार दिवा एक रात्र झगझगीत जळतो आणि दुसऱ्या रात्री मान टाकतो. जूनच्या ढगाळ दिवसांत सौरपत्र्याचाही फारसा भरवसा नसतो. म्हणून खरा प्रश्न असा, की हाताशी १२ व्होल्टची एकच भरलेली बॅटरी असेल, तर तिच्यावर प्रखर दिवाही लावता यावा आणि गरज नसेल तेव्हा तोच दिवा हवा तेवढा मंद करून बॅटरी जास्तीत जास्त रात्री पुरवता यावी, हे कसे साधायचे?

विद्यार्थिमित्रांनो, यासाठी लागणारा नियामक तुम्हांला शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, थोड्या खर्चात तयार करता येईल. मात्र तो करण्याआधी दिव्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

बल्ब आणि एलईडी

जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. तार तापली की तिचा रोध वाढतो. पूर्ण तापलेल्या तारेचा रोध थंड तारेच्या दहापटीहूनही अधिक असतो. त्यामुळे विद्युतदाब थोडा वाढला तर तार अधिक तापते, रोध वाढतो आणि प्रवाहाच्या वाढीला आपोआप खीळ बसते. बल्ब स्वतःच स्वतःला आवरतो, असे म्हटले तरी चालेल.

एलईडीचे वागणे याच्या अगदी उलट आहे. एलईडी म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहक डायोड. ठरावीक दाबापर्यंत त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. पुढे मात्र दाब किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. पांढऱ्या प्रकाशाचा १ वॅटचा एलईडी साधारण ३.२ व्होल्टला ३५० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, आणि तेवढाच त्याला सोसतो. दाब आणखी एक-दोन दशांश व्होल्टने वाढला, तर प्रवाह दीडपट-दुपटीच्या घरात जाऊ शकतो. शिवाय एलईडी तापला की तेवढाच प्रवाह वाहण्यासाठी त्याला आधीपेक्षा कमी दाब पुरतो. म्हणजे दाब कायम ठेवला तर तापलेल्या एलईडीतून प्रवाह वाढतो, त्यामुळे तो अधिक तापतो, आणि पुन्हा प्रवाह वाढतो! हे चक्र वेळीच थांबले नाही तर एलईडी जळतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. एलईडीला दाबाचे नव्हे, प्रवाहाचे नियंत्रण हवे असते.

नुसता रोधक का पुरत नाही?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “मग एक रोधक जोडला की झाले!” हिशेब करून पाहू. दोन एलईडी एकसरीत जोडले, तर त्यांना ६.४ व्होल्ट लागतात. बॅटरी १२ व्होल्टची धरली, तर उरलेले ५.६ व्होल्ट रोधकाने घ्यायचे. प्रवाह ३२४ मिलिअँपिअर हवा असेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे रोध सुमारे १७.३ ओहम येतो.

पण बॅटरी नेहमी १२ व्होल्टवर राहते कोठे? शिसे-आम्ल बॅटरी चार्जरला जोडलेली असताना तिचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. वापरता वापरता तो ११.५ पर्यंत उतरतो. आता त्याच रोधकाने हिशेब करा. १४.४ व्होल्टला प्रवाह सुमारे ४६० मिलिअँपिअर येतो, म्हणजे एलईडीच्या सोसण्यापलीकडे. ११.५ व्होल्टला तो २९५ वर येतो. रोधक डोळे मिटून बसलेला असतो. मागे काय चालले आहे ते त्याला कळत नाही. आपल्याला डोळे उघडे ठेवणारा कोणीतरी हवा.

उघाडीवरचा राखणदार

मुरुडच्या परिसरात खाडीकाठी खारजमिनीचे बांध तुम्ही पाहिले असतील. बांधाला पाणी सोडण्यासाठी झडपेचे दार असते, त्याला उघाडी म्हणतात. अशीच एक उघाडी आहे आणि तिच्यावर एक राखणदार बसवला आहे, अशी कल्पना करा. उघाडीतून आलेले पाणी पुढे एका छोट्या हौदात साठते, आणि हौदाच्या तळाशी असलेल्या भोकातून पाटात वाहते. हौदात एक काठी रोवून तिच्यावर खूण केली आहे. राखणदाराला एकच सूचना आहे: पाणी खुणेच्या वर गेले तर दार थोडे खाली घे, खुणेच्या खाली गेले तर थोडे वर उचल. बांधामागचे पाणी कितीही चढो वा उतरो, हौदातील पातळी खुणेवरच राहील. आणि पातळी कायम असल्यामुळे भोकातून पाटात जाणारे पाणीही कायम राहील.

नियामक नेमके हेच करतो. परिणाम पाहायचा, तो ठरलेल्या खुणेशी ताडून पाहायचा आणि फरक पडला असेल तर दार हलवायचे, याला प्रतिभरण म्हणतात. आपण वापरणार आहोत तो ‘एलएम ३१७’ हा एकात्मित मंडल असाच राखणदार आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट डॉबकिन यांनी त्याची रचना केली, आणि आजही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. त्याची खूण १.२५ व्होल्टची असते. त्याचे निर्गम टोक आणि समायोजन टोक यांच्यामध्ये १.२५ व्होल्टच राहावेत, अशा बेताने तो आपले दार कमी-अधिक उघडतो.

ही खूण तापमानाने हलत कशी नाही? सिलिकॉनच्या संधीवरील दाब तापमानाबरोबर कमी होतो. पण वेगवेगळ्या प्रवाहघनतेच्या दोन संधींच्या दाबांतील फरक तापमानाबरोबर वाढतो. हा फरक योग्य पटीने वाढवून पहिल्या दाबात मिळवला, की घट आणि वाढ एकमेकींना मारतात आणि बेरीज १.२५ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते.

आता या दोन टोकांमध्ये एक रोधक जोडा. त्याच्यावर नेहमी १.२५ व्होल्टच असणार. म्हणून त्यातून जाणारा प्रवाहही ठरलेला:

प्रवाह = १.२५ ÷ रोध

हाच प्रवाह पुढे एलईडींतून जातो. हा रोधक म्हणजे आपल्या हौदाचे भोक होय.

सात रोधक, तीन बटणे

हौदाला एकाऐवजी सारखी सात भोके आहेत असे समजा. पातळी तीच, पण जितकी भोके उघडी तितके पाणी. आपण २७ ओहमचे सात रोधक घेऊ. एका रोधकातून १.२५ ÷ २७, म्हणजे सुमारे ४६ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. त्यांचे तीन गट करा. पहिल्या गटात एक रोधक, दुसऱ्यात दोन समांतर, तिसऱ्यात चार समांतर. प्रत्येक गटाला एक बटण. आता बटणे निरनिराळ्या प्रकारे दाबली, तर असे प्रवाह मिळतात:

पायरी १ (पहिले बटण) – ४६ मिलिअँपिअर
पायरी २ (दुसरे) – ९३
पायरी ३ (पहिले व दुसरे) – १३९
पायरी ४ (तिसरे) – १८५
पायरी ५ (पहिले व तिसरे) – २३१
पायरी ६ (दुसरे व तिसरे) – २७८
पायरी ७ (तिन्ही) – ३२४

तीन बटणांत सात पायऱ्या! १, २, ४ या आकड्यांच्या बेरजेतून १ ते ७ हे सर्व आकडे मिळतात. हीच द्विमान पद्धती. गणकयंत्रे याच पद्धतीने आकडे मांडतात. सर्व बटणे दाबली तरी प्रवाह ३५० च्या आत राहतो, म्हणून चुकूनही एलईडी जळणार नाही. रोधकांवर फारसा ताणही येत नाही. प्रत्येकात जेमतेम ०.०६ वॅट खर्च होते, तेव्हा पाव वॅटचे साधे रोधक पुरतात.

जोडणी

साहित्य: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी, १ अँपिअरचा फ्यूज, मुख्य स्विच, एलएम ३१७, त्यासाठी ॲल्युमिनियमचा हीटसिंक, २७ ओहमचे सात रोधक, तीन छोटे स्विच, ०.१ मायक्रोफॅरडचे एक धारित्र आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेले १ वॅटचे दोन एलईडी.

एलएम ३१७ वरची अक्षरे आपल्याकडे करून धरा. पाय खाली असताना डावीकडचा पाय समायोजनाचा, मधला निर्गमाचा, उजवीकडचा आगमाचा. बॅटरीच्या धन टोकाला आधी फ्यूज जोडा, तो शक्य तितका बॅटरीजवळ असू द्या. तेथून मुख्य स्विच, आणि स्विचपासून आगमाचा पाय. या पायाजवळच धारित्राचे एक टोक, दुसरे टोक बॅटरीच्या ऋण तारेला. निर्गमाच्या पायापासून तीन स्विच, प्रत्येक स्विचपुढे त्याचा रोधकगट, आणि तिन्ही गटांची पलीकडची टोके एकत्र. या एकत्र सांध्याला समायोजनाचा पाय जोडा आणि तेथूनच पहिल्या एलईडीच्या धन टोकाकडे तार न्या. पहिल्याचे ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकाला, दुसऱ्याचे ऋण टोक बॅटरीच्या ऋण टोकाला. झाली जोडणी.

एलईडी जोडण्याआधी एक चाचणी करा. त्यांच्या जागी मल्टिमीटर प्रवाहमापक म्हणून लावा आणि सातही पायऱ्या वाचून वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. ही चाचणी थोडक्यात आटपा, कारण या वेळी सगळा जादा दाब एकट्या एलएम ३१७ वर पडतो व तो लवकर तापतो. आकडे जुळले, की मगच एलईडी जोडा.

काही सावधगिरीच्या सूचना. हा प्रयोग फक्त बॅटरीवरच करावा. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी त्याचा संबंध आणू नये. एलएम ३१७ ची धातूची पाठ निर्गमाशी जोडलेली असते, म्हणून ती धातूच्या डब्याला टेकू देऊ नका. प्रखर एलईडीकडे सरळ पाहू नका. वर दुधी प्लास्टिकचे झाकण ठेवा. आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेत तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढतो आणि जोड सैल होतात. म्हणून नुसत्या तारा पिळून ठेवू नका; सोल्डरिंग करा, सांध्यांवर व्हार्निशचा हात फिरवा आणि सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात बसवा.

दोनच एलईडी का?

तीन एलईडी लावले तर प्रकाश दीडपट मिळेल, मग दोनच का घेतले? राखणदारालाही काम करायला जागा लागते. एलएम ३१७ चे स्वतःचे सुमारे २ व्होल्ट, रोधकांवरचे १.२५, मिळून सव्वातीनच्या आसपास व्होल्ट एलईडींच्या वर शिल्लक हवेत. तीन एलईडींना ९.६ व्होल्ट लागतात. म्हणजे एकूण सुमारे १२.८. पूर्ण भरलेली बॅटरी चार्जर काढल्यावर १२.७ च्या जवळ असते! म्हणजे उघाडीचे दार सुरुवातीलाच पूर्ण उघडलेले, आणि बांधामागचे पाणी उतरले की राखणदाराच्या हातात करण्यासारखे काही उरत नाही. दोन एलईडींना मात्र सारे मिळून दहाच्या आतच व्होल्ट पुरतात, म्हणून प्रकाश शेवटपर्यंत स्थिर राहतो.

या स्थिरपणात एक धोकाही आहे. दिवा मंदावत नाही, म्हणून बॅटरी संपत आल्याचे कळत नाही. शिसे-आम्ल बॅटरी पार निपटून काढली तर तिचे आयुष्य घटते. म्हणून रोज दाब मोजा. तो १२ व्होल्टच्या जवळ आला, की निम्मी बॅटरी संपली असे समजून थांबावे.

एक रात्र की तीन रात्री?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून आपण निम्मे, म्हणजे ३.५ अँपिअर-तास वापरणार आहोत. संध्याकाळी ७ पासून पहाटे साडेपाचपर्यंत, साडेदहा तास दिवा सातव्या पायरीवर ठेवला, तर ३.४ अँपिअर-तास खर्च होतात. एका रात्रीत हिशेब संपला.

त्याऐवजी आधीच कार्यक्रम ठरवा. ७ ते ९ स्वयंपाक, जेवण आणि अभ्यास, तेव्हा पायरी ७. ९ ते साडेदहा आवराआवर, तेव्हा पायरी ३. साडेदहापासून साडेपाचपर्यंत कोणी उठले तर वाट दिसावी एवढीच, पायरी १. खर्च अनुक्रमे ०.६५, ०.२१ आणि ०.३२, मिळून १.१८ अँपिअर-तास. तीच बॅटरी आता जवळजवळ तीन रात्री पुरते! बॅटरी वाढली नाही, दिवा बदलला नाही. फक्त केव्हा किती हवे याचा विचार झाला. ठरवलेल्या क्रमाने चालणारा, म्हणजेच ‘प्रोग्रॅम’ करता येणारा नियामक तो हाच. बटणे दाबण्याचे काम आज तुमचे बोट करते. उद्या ते घड्याळ लावलेला सूक्ष्मनियंत्रक करू शकेल.

पायरी १ चा प्रकाश अगदीच कमी वाटेल, अशी भीती बाळगू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना थोडा प्रकाशही पुष्कळ वाटतो. शिवाय कमी प्रवाहावर एलईडी थंड राहतो आणि दर वॅटमागे अधिक प्रकाश देतो.

उष्णतेत गेलेली वीज

आपल्या नियामकात एक मोठी उणीव आहे, ती लपवून ठेवणे बरोबर नाही. सातव्या पायरीवर बॅटरीतून १२ × ०.३२४, म्हणजे ३.९ वॅट शक्ती निघते. एलईडींना मिळते ६.४ × ०.३२४, म्हणजे २.१ वॅट. उरलेली १.८ वॅट एलएम ३१७ आणि रोधक यांत नुसती उष्णता होऊन जाते. हीटसिंकला हात लावला तर हे चटक्याने समजेल! आपला राखणदार दार अर्धवट धरून पाण्याचा जोर वाया घालवतो.

यावर उपाय आहे. दार अर्धवट न धरता पूर्ण उघडायचे आणि पूर्ण मिटायचे, एका सेकंदात हजारो वेळा. कुंभार आपले चाक काठीने अधूनमधून फिरवतो, तरी चाक एकसारखे फिरत राहते, कारण फिरणाऱ्या जड वस्तूला थांबायला वेळ लागतो. मंडलात ही जडत्वाची कामगिरी तारेचे वेटोळे करते. दार उघडे असताना वेटोळे आपल्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवते आणि मिटलेले असताना ती परत देऊन प्रवाह चालू ठेवते. पूर्ण उघड्या दारावर दाब जवळजवळ पडत नाही, पूर्ण मिटलेल्यातून प्रवाह जात नाही. म्हणून दोन्ही वेळी नुकसान फारच थोडे. अशा नियामकांची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. त्याच दोन एलईडींसाठी बॅटरीतून ३२४ ऐवजी सुमारे २०० मिलिअँपिअरच घ्यावे लागतात. ‘पीटी ४११५’ हा एलईडीसाठीचा असाच एक स्वस्त नियामक आहे. त्याची खूण १.२५ ऐवजी केवळ ०.१ व्होल्टची असते, म्हणून प्रवाह मोजणाऱ्या रोधकातही फारसे काही जात नाही. त्याला प्रकाश कमी-अधिक करण्यासाठी वेगळे टोकही असते. सूक्ष्मनियंत्रक जोडायचा तो तेथे. पण आधी एलएम ३१७ वर हात बसू द्या. राखणदाराचे तत्त्व दोन्हींत एकच आहे.

प्रखर प्रकाश म्हणजे चांगला प्रकाश, असेही नाही. समुद्रात प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्याच्या पद्धतीमुळे लहान मासळीही जाळ्यात येते, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. दिवा बनवता येणे ही एक गोष्ट झाली. तो कोठे, किती आणि कशासाठी लावायचा हे कळणे ही दुसरी.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न. आपल्या नियामकाला चौथे बटण आणि २७ ओहमचे आणखी आठ समांतर रोधक जोडले, तर एकूण पायऱ्या किती होतील आणि सर्वांत मोठा प्रवाह किती येईल? बाजारात ७०० मिलिअँपिअर सोसणारे ३ वॅटचे एलईडी मिळतात. ते दोन या नियामकावर लावता येतील काय? त्या वेळी एलएम ३१७ मध्ये किती वॅट उष्णता निर्माण होईल, तेही काढून पाहा, आणि मगच हीटसिंक किती मोठा घ्यायचा ते ठरवा. वादळाला अजून अवकाश आहे. दिवा आधीच तयार असू द्या.